नऊ सेकंदांची चेरी

गुरुवार, ४ जून २००९, झिंडेलफिंगेन

आजपासून अस्मादिक दर गुरुवारी आणि शुक्रवारी निरुद्योगी आहेत. या अवस्थेला जर्मन भाषेत कुर्त्सआर्बाइट म्हणतात, अर्थात लघुकार्य. जगात मोटारी घेणाऱ्यांचा उत्साह मावळला, म्हणून कारखान्याने आमचे तास कमी केले आणि बुडालेल्या वेतनाचा काही अंश शासनाने उचलला. या राष्ट्राची शिस्त अशी की येथे बेकारीसुद्धा हप्त्याहप्त्याने आणि तीन पानी पत्रासह येते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस वानप्रस्थाश्रमाची रंगीत तालीम करण्याची संधी किती जणांना लाभते?

हे वृत्त तीर्थरूपांपासून गुप्त ठेवले आहे. अण्णांना मी ‘साठलेली रजा’ असे सांगितले. ‘‘बरीच साठलेली दिसते,’’ एवढेच म्हणून त्यांनी आपला चहाचा कप विसळून ठेवला. कप विसळू नका, हे मी त्यांना आल्या दिवसापासून रोज सांगतो.

भावी इतिहासकारांच्या सोयीसाठी अण्णांचा अल्प परिचय. दीनानाथ लेले, वय शहात्तर. सांगलीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे साहाय्यक. त्या काळात सहस्रावधी बेडूक त्यांनी विद्यार्थ्यांसाठी चिरून, टाचण्या लावून, सुबकपणे मांडून दिले आणि स्वतः मात्र अंडे आजन्म वर्ज्य मानले. मागल्या वर्षी आई गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. त्या विषयावर येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

१० मे रोजी ते येथे आले. परतीचे तिकीट ५ ऑगस्टचे आहे. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी ते अलीकडे घेण्याची सूचना मांडली. कारण काय, तर घर बंद आहे, वाळवी लागेल. दुसऱ्या मजल्यावरच्या, सिमेंटच्या फ्लॅटला वाळवी. पुष्कळ वाटाघाटींनंतर तह झाला: ३० जूनपर्यंत त्यांनी राहावे, आणि तेव्हाही जावेसे वाटले तर मी एक अक्षर न बोलता तिकीट बदलून द्यावे. त्यांनी त्या बंद घरात एकट्याने वाटीभर भात लावून रेडिओसमोर जेवावे, हे चित्र मला नको आहे. हाती सव्वीस दिवस आहेत.

समस्येचे निदान मी केलेले आहे. दोष न्याहारीत आहे. जो मनुष्य प्रातःकाळी ब्रेडचा एक तुकडा घेतो आणि दुसरा ‘भूक नाही’ म्हणून परत ठेवतो, त्याचे चित्त परमुलखात रमावे कसे? सबब उद्यापासून या गृहात मिष्टान्नयुक्त न्याहारी सिद्ध होईल. बाजारात ताज्या चेरींचे ढीग लागले आहेत, चॉकलेट या देशात पाण्यासारखे मिळते, आणि कर्त्याजवळ अभियांत्रिकीची पदवी आहे.

एक किरकोळ नोंद. या आठवड्यात जिना झाडण्याची पाळी आपली आहे. श्वाबेन प्रांताच्या थोर परंपरेनुसार ‘केअरवोखे’, अर्थात झाडण्याचा आठवडा, अशी पाटी दारावर लटकलेली असते. सकाळी आठ वाजता पाहतो तो साक्षात अण्णा झाडू घेऊन जिन्यात उभे. मी तत्काळ झाडू हस्तगत केला. पाहुण्याने, आणि तोही जन्मदात्याने, आमचा जिना झाडावा? सौ. साधना कामावर निघता निघता म्हणाली, ‘‘अहो, झाडू द्यायचा होता की त्यांना.’’ स्त्रियांना प्रतिष्ठेची जाण कमी असते. अण्णा खोलीत गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. दमले असावेत.


शुक्रवार, ५ जून

पदार्थ पहिला: अंडेविरहित पॅनकेक, चेरी आणि चॉकलेटसह. मैदा, दही, चिमूटभर सोडा, साखर. इथवर शास्त्र माझ्या बाजूने होते. चेरींच्या बिया मी सुरीने कापून काढल्या. त्या उद्योगात भिंतीवर, पडद्यावर आणि सदऱ्यावर असा रक्तवर्ण उधळला की शेजाऱ्यांनी पोलिसांना पाचारण केले नाही याचे आश्चर्य वाटते. चिरलेल्या चेरींनी पिठात रस सोडला. दह्याशी त्याचा संयोग होऊन जो रंग उत्पन्न झाला, त्याला करडा म्हणावे तर जांभळा राग मानील. त्यावर मी चॉकलेट किसले. ते तव्याला लागून जळले.

माझी कन्या ऋचा सोळा वर्षांची आहे. तिला मराठी संपूर्ण समजते. ती उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. ताटलीकडे पाहून ती जे म्हणाली त्याचा मराठी अनुवाद: ‘‘हे कोणी आधी खाल्लेलं आहे का?’’

अण्णांनी अर्धा खाल्ला. ‘‘चांगला आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण मला एवढं लागत नाही रे. ऋचाला दे माझ्यातला. आणि तुझं सगळं बरं चाललंय ना?’’

‘‘उत्तम,’’ मी म्हणालो.

जेवणाखाणातला त्या पिढीचा हा संयम मला कधी उमगला नाही.


गुरुवार, ११ जून

आज कॅथॉलिकांच्या सणाची सुट्टी, त्यामुळे इतरही लोक माझ्याप्रमाणे घरी होते. समानतेचे असे दिवस दुर्मिळ.

प्रातःकाळी चेरी-चॉकलेटचा शिरा आरंभिला. रवा तुपात खमंग भाजला, उकळते दूध ओतले आणि त्यात चिरलेल्या चेरी लोटल्या. चेरी आंबट असते व आंबटाने दूध नासते, ही गोष्ट प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मी गृहिणी नसल्याने मला ती त्या क्षणी कळली. साधना म्हणाली, ‘‘याला कलाकंद म्हणा आणि पुढे चला.’’

अशा शोकमग्न घटकेस दारावरची घंटा वाजली. फ्राउ ब्रेंडले. या तळमजल्यावर राहतात, वय एकाहत्तर, एक गुडघा निकामी. यांचे दिवंगत पती आमच्याच कारखान्यात रंगकाम विभागात होते. गावाबाहेर यांच्या मालकीची लहानशी बाग आहे आणि तीत चेरीची तीन झाडे. एका हातात चेरींनी शिगोशीग भरलेली बादली, दुसऱ्या हातात चेरीचा केक. केकमध्ये अंडे असल्याने अण्णांनी हात जोडले. मी मात्र मोठा घास घेतला आणि माझी दाढ एका बीवर आदळली. बाईंनी बिया काढलेल्याच नव्हत्या.

‘‘बिया ठेवल्या की रस टिकतो,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘आमच्याकडे सगळे सावकाश चावतात.’’

बादलीभर चेरी पाहून मी पुन्हा सुरी उचलली. तीन चेरी कापल्या असतील नसतील, तोच मागून आवाज आला. असा आवाज मी या घरात महिनाभर ऐकला नव्हता.

‘‘काय चालवलंयस हे? खाटकाचं दुकान उघडलंयस काय?’’

अण्णा पाठीशी उभे होते.

‘‘बिया काढतोय, अण्णा.’’

‘‘ह्याला काढणं म्हणतात? आण इकडे. साधना, केसांची पिन आहे का गं एखादी? साधी, वाकडी.’’

साधनाने पिन दिली. त्यांनी ती उकळत्या पाण्यातून काढून पुसली. चष्मा कपाळावरून खाली आणला. चेरी दोन बोटांत धरून जिथे देठ असतो तिथून पिनेचा वळलेला भाग आत घातला, अर्धा फेरा दिला आणि बी अलगद बाहेर आली. चेरी होती तशीच, जणू काही घडलेच नाही.

‘‘पोट फाडायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आत जायचं, हवं तेवढंच घ्यायचं, बाहेर यायचं. पोरं पहिल्या वर्षी तुझ्यासारखीच करायची. निम्मे बेडूक वाया.’’

फ्राउ ब्रेंडले यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि आपल्या अंबाड्यातली पिन काढून अण्णांपुढे धरली. अण्णांनी त्यांचा हात धरून अर्धा फेरा शिकवला. दोघांना एकमेकांच्या भाषेतले एक अक्षर येत नाही. तासाभरात बादली संपली.


शुक्रवार, १२ जून

अखंड चेरी हाती आल्याने नवीन शक्यतांचे क्षितिज खुले झाले. धुलाईयंत्रावर गेली सहा वर्षे कपडे वाळवण्याच्या चिमट्यांचे पात्र म्हणून सेवा बजावणारे आप्पेपात्र मी घासून लखलखीत केले. रवा, दही, साखर, किंचित मीठ, सोडा, चमचाभर कोको. अर्धा तास मुरवण. खळग्यात तूप, तुपात चमचाभर पीठ, पिठावर चेरी, आणि चेरीच्या पोटात जिथे बी होती तिथे गडद चॉकलेटचा खडा. वरून पुन्हा पीठ. साधनाच्या विणकामाच्या सुईने उलटायचे.

फोडला की आत कोमट, आंबटगोड, काळसर लाल रस. लेखणी येथे थांबते, कारण कर्त्याने आत्मस्तुती करू नये; तरीही हे नमूद करणे कर्तव्य आहे की ऋचाने सात खाल्ले आणि शाळेत नेण्यासाठी डबा मागितला. डबा हा शब्द तिने मराठीत उच्चारला.

अण्णांनी चार खाल्ले. चार. पाचवा उचलून उजेडात धरला, फोडला आणि आतली चेरी तपासली. ‘‘शाबूत आहे,’’ ते म्हणाले, आणि तोही खाल्ला.

निदान अचूक ठरले. सारे काही न्याहारीत होते.


गुरुवार, १८ जून

सप्ताहभर तिकिटाचा उल्लेख नाही. अण्णा सहा वाजता उठतात, स्वयंपाकघराचे टेबल वर्तमानपत्राने आच्छादतात, पिन उकळतात. साडेसहाला फ्राउ ब्रेंडले गुडघा सांभाळत बादली घेऊन येतात. आज त्या अण्णांना आपल्या बागेत घेऊन गेल्या. परत आले ते हातावर ओरखडे घेऊन. शिडीवर चढला होतात का, असे मी दरडावून विचारले. ‘‘नाही,’’ अण्णा म्हणाले. मागे उभ्या असलेल्या बाईंनी मला तीन बोटे दाखवली. तीन पायऱ्या.

आज मला निवांतपणा होता, म्हणून व्यवसायसुलभ कुतूहलाने एक निरीक्षण केले. कारखान्यात माझे काम म्हणजे जुळणीच्या मार्गावर कोणत्या ठिकाणी किती हात अनावश्यक आहेत हे शोधणे. बावीस वर्षे मी हेच करतो आणि त्यात मला प्रावीण्य आहे असे म्हणतात. मोबाइलवरचे घड्याळ टेबलाखाली धरून मी अण्णांच्या साठ चेरी मोजल्या. दर चेरीस सरासरी नऊ सेकंद. त्यांपैकी उचलणे दोन, न्याहाळणे तीन, पिन दोन, ठेवणे दोन. न्याहाळण्यात तेहतीस टक्के काळ जातो. हा शुद्ध अपव्यय आहे. शहात्तर वर्षांच्या मनुष्याने मान मोडेस्तोवर बसावे आणि सुपुत्राने पदव्या भिंतीवर टांगून पाहत राहावे, हे मला पटले नाही.

यावर उपाय आहे.


शनिवार, २० जून

उपाय आणला. यंत्राचे नाव किर्शएंटकेर्नर. लाल रंगाचे, ओतीव, टेबलाच्या कडेला आवळून बसते. वरून चेरी ओता, दांडा दाबा, स्प्रिंग परत उसळते. बी खाली पेल्यात, चेरी बाजूला वाडग्यात. ताशी बारा किलो. चेरीमागे तीन सेकंदही नाहीत.

साधनाने खोक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘‘हे कशाला?’’

‘‘अण्णांना मदत.’’

‘‘त्यांनी मागितली?’’

‘‘न मागता देणे हेच मदतीचे सौंदर्य,’’ मी उत्तरलो. वाक्य चांगले साधले होते. तिने खोक्यावर ओला टॉवेल वाळत घातला.


रविवार, २१ जून

प्रात्यक्षिक यशस्वी. बादली एकवीस मिनिटांत रिकामी.

अण्णांनी यंत्राची पाहणी केली, दांडा दोनदा दाबला. ‘‘झकास आहे,’’ ते म्हणाले. ‘‘वेळ वाचला.’’ मग थोडे थांबून, ‘‘मी काय करू मग?’’

‘‘आराम करा, अण्णा. आयुष्यभर केलंत.’’

ते ‘बरं’ म्हणाले. पिन पुसून साधनाला परत दिली. फ्राउ ब्रेंडले आल्या, यंत्राकडे पाहून ‘‘आहा’’ म्हणाल्या, चेरींची बादली ठेवून तशाच खाली गेल्या. गुडघा दुखत असावा.


सोमवार, २२ जून

अण्णांनी एकच आप्पा खाल्ला.

दुपारी कारखान्यात त्यांचा दूरध्वनी आला. एरवी ते मला तिथे दूरध्वनी करत नाहीत. ‘‘तीस तारखेचं लक्षात आहे ना? तिकिटाचं बघून ठेव. ते लोक आयत्या वेळी देत नाहीत म्हणे.’’

हे आकस्मिक आहे. कारणमीमांसा सुरू केली आहे. शक्यता पहिली: यंत्राच्या आघाताने चेरीत छिद्र मोठे पडते व रस गळतो, म्हणून चव उतरली. शक्यता दुसरी: चॉकलेट अतिमधुर. उद्यापासून पन्नास टक्क्यांऐवजी सत्तर टक्के कोकोचे घ्यावे.


मंगळवार, २३ जून

सत्तर टक्के कोको. अर्धा आप्पा.


बुधवार, २४ जून

आज हेर, म्हणजे श्रीयुत, लांगे यांनी मला काचेच्या खोलीत बोलावले. हे माझे वरिष्ठ, वय चौतीस. अण्णांनी प्रयोगशाळेत जेवढी वर्षे काढली, तेवढी यांनी पृथ्वीवर काढली आहेत.

‘‘तर मग, हेर लेले,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं काम इतकं चांगलं आहे की आता त्यातलं फारसं उरलेलं नाही. ही खरं तर तुमची स्तुती आहे.’’

एक जुलैपासून बुधवारही गेला. आठवड्याचे तीन दिवस घरी. ‘‘विश्रांती घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘इतकी वर्षं केलंत.’’ त्यांच्या वाणीत करुणा होती आणि नजर घड्याळावर. मला विचारावेसे वाटले की महाशय, मी घरी बसून नेमके काय करू? परंतु माणसाने आपल्या वरिष्ठाला असा प्रश्न विचारू नये. मी ‘‘धन्यवाद’’ म्हणालो आणि माझा कप विसळून ठेवला.

साधनाला सांगितले. तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. अण्णांना सांगण्याचा प्रश्न उद्भवत नाही.


गुरुवार, २५ जून

न्याहारीस अण्णा आलेच नाहीत. बॅग भरत होते. पाच दिवस आधीच. कपड्यांच्या घड्या इतक्या नेटक्या की चिडावेसे वाटले.

मी ऋचाला म्हणालो, ‘‘आजोबांना इथे करमत नाही, त्याला मी काय करणार? पदार्थ तोच, चेरी तीच, उलट त्यांचे कष्ट कमी केले.’’

ती यंत्राचा दांडा खाली-वर करत उभी होती. तिने उत्तर जर्मनमध्ये दिले. अनुवाद करतो, जरी करावासा वाटत नाही.

‘‘अगदी बरोबर, पापा. तू आजोबांना कुर्त्सआर्बाइटवर टाकलंस.’’

सोळाव्या वर्षी मनुष्याला सर्व विषयांवर मत असते व कशाचेही ज्ञान नसते. एका औद्योगिक संज्ञेचा असा गृहकृत्यात उपयोग करणे शास्त्रशुद्ध नाही. कुर्त्सआर्बाइटमध्ये निदान शासन काही अंश देते. तिचे म्हणणे मी सर्वस्वी अमान्य करतो.

दिवसभर अमान्य करत होतो.


शुक्रवार, २६ जून

साधना कामावर आणि अण्णा स्नानाला गेल्यावर मी यंत्राची तपासणी केली. त्यातली स्प्रिंग काहीशी सदोष असल्याचा मला संशय आला. ती काढली असता यंत्र बंद पडले. म्हणजे संशय रास्तच होता. स्प्रिंग सध्या माझ्या खिशात आहे.

अण्णा बाहेर आल्यावर मी अतीव खेदाने जाहीर केले, ‘‘अण्णा, यंत्र बिघडलं. जर्मन माल आता पूर्वीसारखा राहिला नाही.’’

‘‘असं?’’ अण्णा म्हणाले.

‘‘तुम्ही पिन घेतलीत तर बरं होईल. बादली भरलेली आहे. चेरी नासतील.’’

त्यांनी यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि साधनाच्या टेबलावरून पिन आणायला गेले. चालण्यात घाई नव्हती, पण पाय ओढतही नव्हते.


रविवार, २८ जून

अपमानाची नोंद करणे हेही दैनंदिनीचे कर्तव्य आहे.

सकाळी स्वयंपाकघरातून टक् टक् असा ओळखीचा ध्वनी आला. अण्णांनी यंत्र उघडून वर्तमानपत्रावर मांडले होते, प्रत्येक भाग वेगळा, चारी बाजूंनी सारख्या अंतरावर, एखाद्या प्राण्याप्रमाणे. ऋचाच्या जुन्या बॉलपेनातल्या दोन स्प्रिंगा तारेने बांधून त्यांनी यंत्र चालू केले होते. ऋचा शेजारी स्क्रू धरून बसली होती आणि आजोबांशी चक्क मराठीत बोलत होती, सदोष पण अखंड.

‘‘बिघडलं नव्हतं,’’ अण्णा माझ्याकडे न पाहता म्हणाले. ‘‘मधला एक अवयव काढलेला होता. कापल्याची खूण नाही. काम चांगलं केलेलं आहे, कोणी केलं असेल ते.’’

ऋचाने खालमानेने स्क्रू मोजले.

‘‘मग आता यंत्र वापरणार?’’ मी विचारले.

‘‘ब्रेंडलेबाईंना देतोय. त्यांना मुरांबा करायचाय, चाळीस किलोचा. मुरांब्यात चेरी फुटली तरी चालते. आप्प्यात चालत नाही.’’

ते यंत्र काखेत घेऊन खाली गेले. बॅग अजून खोलीत भरलेली आहे. पट्टाही आवळलेला आहे.


मंगळवार, ३० जून

तहाचा अंतिम दिन. कारखान्यात दिवसभर तिकीट बदलण्याचे पान उघडून ठेवले होते. २ जुलैच्या विमानात जागा आहे. फ्रांकफुर्टहून मुंबई, पुढे रात्रीची बस.

घरी येऊन मी विषय काढला. वचन ते वचन.

‘‘अण्णा, तिकिटाचं काय करू?’’

‘‘उद्या सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या तुझी रजा आहे ना? सवडीनं बोलू.’’

उद्या बुधवार. बुधवार गेल्याचे मी त्यांना सांगितलेले नाही.


बुधवार, १ जुलै

सकाळी साडेसहाला मी पलंगावर पडून छताचे निरीक्षण करत होतो. उठून कोठेही जायचे नसले की मनुष्याला आपल्या घराच्या छताविषयी बरेच काही कळते. तुपाचा वास आला. साधना केव्हाच उठलेली होती, ऋचाही. दोघींचे आवाज आणि आप्पेपात्रावरच्या सुईचा आवाज.

स्वयंपाकघरात गेलो. अण्णांनी कमरेला टॉवेल गुंडाळला होता.

‘‘हात धुतलेस? बस.’’

‘‘अण्णा, तुम्ही कशाला, मी करतो…’’

‘‘बस म्हटलं ना.’’

मी बसलो. त्यांनी माझ्यापुढे ताटली ठेवली, सहा आप्पे. साधनाने चहा ओतला आणि ऋचाला घेऊन आवरायला गेली; दार अर्धवट लोटून घेतले. या घरात दारे अशी सहेतुक लोटली जातात हे मला नवीन होते.

‘‘अण्णा, काल तीस तारीख होती.’’

‘‘खा आधी. गार झालं की आतलं थिजतं.’’

मी खाल्ले. चेरी शाबूत होती.

‘‘आता आठवड्याचे तीन दिवस घरी का? साधनाकडून कळलं,’’ अण्णांनी विचारले.

‘‘रजा,’’ मी म्हणालो. ‘‘साठलेली.’’

‘‘पद्माकर, चौतीस वर्षं नोकरी केली मी. रजा अशी ओळीनं साठत नाही.’’ त्यांनी गॅस बारीक केला. ‘‘ब्रेंडलेबाईंना गुरुवारी तुझी गाडी खाली उभी दिसली, की त्या जिन्यात माझ्याकडे बघून ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणतात आणि मान हलवतात. त्यांच्या नवऱ्यालाही एकदा लागलं होतं बहुतेक. मी ऋचाला अर्थ विचारला. पहिल्याच आठवड्यात.’’

‘‘मग मला बोलला का नाहीत?’’

‘‘तू रजा म्हणालास. तुला रजा म्हणायचं होतं, तर मी कशाला मोडू?’’

मी आणखी एक आप्पा फोडला आणि आतली चेरी तपासली.

‘‘म्हणून तिकीट?’’ मी अखेर विचारले.

‘‘मला इथे आधीपासूनच काही काम नाही, त्यात मुलाचं काम कमी झालेलं, तो रोज उठून माझ्यासाठी चॉकलेटं आणणार, तुपात तळणार, आणि मी बसून खायचं. बरं दिसत नाही ते. म्हटलं, आपण हललेलं बरं. मध्ये चार दिवस वाटलं, आपला काही उपयोग होतोय. मग ते लाल यंत्र आलं.’’

‘‘माझी चूक झाली, अण्णा.’’

हे वाक्य मी इतक्या अल्प शब्दांत यापूर्वी केव्हा उच्चारल्याचे स्मरत नाही. त्यांनी ते ऐकले की नाही कळले नाही. ते सुईने आप्पे उलटत होते.

‘‘तिकीट पाच ऑगस्टचंच राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘बाईंचं तिसरं झाड अजून उतरायचंय, आंबट चेरीचं. त्यांचा गुडघा असा. मला तिसऱ्या पायरीच्या वर जाऊ देत नाहीत. तुला जमेल.’’

‘‘मला?’’

‘‘तुला वेळ आहे ना आता?’’

हे ते इतक्या सहजपणे म्हणाले की त्यात दया शोधूनही सापडली नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली बादली पायाने माझ्याकडे सरकवली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरले.

‘‘तोवर देठ काढ. पिनेला अजून हात लावायचा नाही.’’

मी पहिला देठ ओढला. चेरीची साल फाटली. अण्णांनी ती उचलून बाजूला ठेवली. दुसरीही. मी सुचवले की देठ काढण्यासाठी चिमट्याचा एखादा साधा साचा केला तर. त्यांनी चष्म्यावरून पाहिले, आणि मी ते वाक्य पुरे केले नाही.

‘‘ओढू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘किंचित पीळ दे. तो आपण होऊन सुटतो.’’

माझ्या पहिल्या अकरा चेरी नापास झाल्या. बारावी त्यांनी उजेडात धरली, पूर्ण तीन सेकंद न्याहाळली आणि पातेल्यात टाकली. उद्या सकाळी साडेसहाला हजर राहण्याची आज्ञा आहे. नखे कापून.